रोबोटिक्स किट कोणतं घ्यावं? (लेक १० वर्षांची, बजेट ५ हजार, घर ४५० फूट)

मुलुंडची_आई
नमस्कार लोकहो. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

लेक पाचवीत गेली. घरात काही बिघडलं की माझ्याआधी तीच स्क्रू ड्रायव्हर शोधते. मागच्या महिन्यात मिक्सरचं भांडं गळत होतं, तर बाबा ऑफिसातून यायच्या आत तिने खालचा वायसर काढून हातावर ठेवला. तर अशी आवड आहे, आणि ती वाया जाऊ नये असं वाटतं.

गेल्या शनिवारी शाळेत पालकसभा संपल्यावर जिन्याशी एका कंपनीचं टेबल होतं. चकचकीत खोकं, आत प्लॅस्टिकचे भाग, मोबाइलवर अ‍ॅप, '३० प्रोजेक्ट्स', किंमत १४,०००, हप्त्यांची सोय. माझ्या शेजारच्या बाईंनी तिथल्या तिथे बुकिंग केलं. मी 'घरी विचारून सांगते' म्हणून निसटले. तेव्हापासून लेक रोज रात्री विचारते, विचारलंस का?

मी कॉमर्सची, नवरा बँकेत. दोघांनाही यातलं ओ की ठो कळत नाही. ५ हजारांत काही बरं मिळेल का? की १४ हजारवालंच घ्यावं?

अर्धवटराव
घेऊ नका. सविस्तर सांगतो, कारण माझे ११ हजार गेलेत.

आमच्या चिरंजीवांसाठी असंच एक खोकं घेतलं होतं. पहिला आठवडा सोहळा. गाडी चालली, आजीच्या पायाशी जाऊन थांबली, व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना गेले. दुसऱ्या महिन्यात एका मोटरचं दातेरी चाक तुटलं. सुटं मिळेना, कारण त्या मोटरचा खाचा त्या एकाच कंपनीचा. फोन केला तर म्हणाले, पूर्ण मोटर संच घ्या. वर्षभराने मोबाइल बदलला, तर नव्या फोनवर त्यांचं अ‍ॅपच मिळेना. यंत्र धडधाकट, पण त्याच्याशी बोलणार कोण? आता माळ्यावर आहे, गणपतीच्या मखराशेजारी.

हे लहान कंपन्यांचंच होतं असंही नाही. लेगोने माइंडस्टॉर्म्स ही मालिका १९९८ मध्ये आणली, जगभरच्या स्पर्धा तिच्यावर चालल्या, आणि २०२२ संपताना तीही बंद केली. त्यांचे ठोकळे निदान दुसऱ्या ठोकळ्यांत बसतात. आमचं खोकं कशातच बसत नाही.

ठाणे_स्लो
मेकॅनिक्स द्या हो. आमच्या लहानपणी तेच होतं. पत्र्याच्या भोकाच्या पट्ट्या, इवलासा पान्हा आणि पलंगाखाली गेलेला नट शोधण्यात गेलेली अख्खी दुपार.

स्पष्टवक्ती
एक विचारू? १० वर्षांच्या पोरीला इंजिनीअर करायची एवढी घाई का? रोबोट हवा हे तिने सांगितलं की टेबलावरच्या माणसाने?

माझ्या मुलाला मी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे दिले होते. अरविंद गुप्तांनी दाखवलेला प्रकार. (आयआयटी कानपूरमधून इंजिनीअर होऊन, पुण्यात टेल्कोत नोकरी करून मग आयुष्यभर कचऱ्यातून खेळणी करणारा माणूस, २०१८ मध्ये पद्मश्री मिळालेला.) ट्यूबच्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या खुपसायच्या. चौकोन केला की तो हाताने दाबल्यावर लोळतो, त्रिकोण लोळत नाही. पोराने ते करून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी लोकलमधून विजेच्या तारांचे खांब बघत बसला: 'आई, सगळीकडे त्रिकोणच आहेत!' खर्च १० रुपये. हे इंजिनीअरिंग नाही तर काय आहे?

अर्धवटराव
काड्यांनी गाडी चालत नाही. (हलकेच घ्या.)

फळा_खडू
स्पष्टवक्तींना अर्धं अनुमोदन. मी विज्ञान शिकवतो. आमच्या शाळेला अटल टिंकरिंग लॅब मिळाली आहे. नीती आयोगाची २०१६ पासूनची योजना, सहावी ते बारावीसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. सामान भरपूर आलं. सुरुवातीची दोन वर्षं थ्रीडी प्रिंटर कापडाखाली झाकलेला होता, कारण मुलांनी बिघडवला तर जबाबदार कोण, हा प्रश्न सुटत नव्हता. शेवटी बिघडला तो न वापरल्यामुळे.

पोरांच्या हातात सामान दिल्यावर मला जे दिसलं ते सांगतो. सूचनापुस्तिकेचं पान उघडून 'हा भाग तिथे लावा' असं करणारी मुलं गाडी फार लवकर बनवतात. पण एक तार उलटी लावून ठेवली की गाडी जिथे थांबते तिथे तीही थांबतात. ज्यांना गाडी बनवायला तीन आठवडे लागले होते ती मात्र लगेच तारा उपसायला लागतात. त्यामुळे किट निवडताना मी एकच बघेन: त्यातलं काही चुकलं तर का चुकलं हे मुलाला शोधता येतं का? बंद डब्यात सगळं असेल, चार रंगांच्या चार प्लगांशिवाय काही दिसतच नसेल, तर शोधणार काय?

वयाचा मुद्दाही आहे. पाचवीतल्या मुलीला थेट टाइप करून कोड लिहायला लावू नका. अर्धविराम विसरला म्हणून अर्धा तास जातो आणि रडारड होते. आधी स्क्रॅचसारखं ठोकळे जोडून प्रोग्रॅम करणं बरं. एमआयटीतून २००७ मध्ये आलेलं आहे, फुकट आहे, नुसता कॉम्प्युटर लागतो. ते जमलं असेल तर मायक्रोबिट बघा. बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या ११-१२ वर्षांच्या मुलांना सुमारे १० लाख बोर्ड फुकट वाटले होते, तोच हा. काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, त्यावर ५ बाय ५ दिवे, दोन बटणं, हलवलं-तिरपं केलं की कळणारा सेन्सर, होकायंत्र. २०२० नंतरच्या आवृत्तीत माइक आणि स्पीकरही आहे. एकही तार न जोडता पहिल्या दिवशी पावलं मोजायचं यंत्र होतं. पोरं ते मोज्यात खुपसून वर्गभर उड्या मारतात.

मुलुंडची_आई
बाप रे, एवढे प्रतिसाद! स्पष्टवक्ती ताई, रोबोट तिने मागितला नव्हता हे खरं. काल जेवताना विचारलं, तुला नक्की बनवायचंय काय? म्हणाली, 'गॅलरीतली कबुतरं उडवणारं काहीतरी.' आमच्या ग्रिलमध्ये कबुतरांनी उच्छाद मांडलाय, सासूबाई दिवसभर काठी आपटत असतात.

स्क्रॅच तिने शाळेत केलंय, मांजर नाचवता येतं. घरात नवऱ्याचा जुना लॅपटॉप आहे.

सोल्डरबाबा
मुलुंडताई, तुमच्या मुलीने काम निम्मं करून ठेवलंय. कबुतर उडवायचं म्हणजे तीन गोष्टी आल्या: कबुतर आलं हे कळायला हवं, कळल्यावर ठरवायला हवं, आणि ठरल्यावर काहीतरी हलायला हवं. रोबोट रोबोट म्हणतात तो एवढाच. बाकी सगळा पत्रा.

मी ३१ वर्षं कारखान्यात मोटरी आणि पॅनेल दुरुस्त केले. नातवाबरोबर दोन वर्षं हा उद्योग चालू आहे, त्यातून आलेलं शहाणपण लिहितो. लांबेल.

खोकं घेऊ नका, सुटे भाग घ्या. मास्तरांचा मायक्रोबिट उत्तम आहे, पण तो ३ व्होल्टवाला, बाजारातले पुष्कळसे सेन्सर ५ व्होल्टवाले. जुळवाजुळव करताना तुमच्यासारख्या नवख्यांची दमछाक होईल. अर्डुइनो उनो घ्या, तोही असाच प्रोग्रॅम करायचा बोर्ड. २००५ मध्ये इटलीत डिझाइनच्या विद्यार्थ्यांना स्वस्तात काम करता यावं म्हणून अर्डुइनो सुरू झालं. त्याचा नकाशा सगळ्यांना खुला, म्हणून नक्कल करणं कायदेशीर, आणि म्हणूनच नकलेचा बोर्ड ५०० रुपयांच्या आसपास मिळतो. त्यातही ठोकळ्यांनी प्रोग्रॅम करता येतो. मेमरी फक्त ३२ किलोबाइट. व्हॉट्सअ‍ॅपवरचा सुप्रभातचा एक फोटो त्यात मावणार नाही, पण कबुतराला पुरते. नकलेच्या बोर्डावर बहुधा सीएच३४० नावाची चिप असते. लॅपटॉपने बोर्ड ओळखला नाही तर घाबरू नका, तिचा ड्रायव्हर (लॅपटॉपला तिची ओळख करून देणारं सॉफ्टवेअर) टाकायचा राहिलेला असतो.

आता पाप कुठे होतं ते सांगतो: बॅटरीच्या सेलमध्ये. दुकानदार चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी हातात देतो, कारण ती दिसायला सुटसुटीत. मोटर सुरू होताना जो करंट ओढते तो तिला झेपत नाही, व्होल्टेज पडतं, बोर्ड बंद होऊन पुन्हा चालू होतो, गाडी गचके खाते आणि पोराला वाटतं आपला प्रोग्रॅम चुकला. नातू दोन दिवस प्रोग्रॅम तपासत होता, मी पेपर वाचत होतो. शेवटी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला तर ९ चे ५ झालेले.

गाडी करायची असेल तर चार्ज होणारे पेन्सिल सेल ६ घ्या. एक १.२ व्होल्टचा, ६ मिळून ७.२. एल२९८एन नावाचा मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या हुकमाने मोटरला करंट देणारा भाग) त्यातले सुमारे २ व्होल्ट स्वतःच खातो, मोटरला ५ च्या वर उरतात. ४ सेल घेतलेत तर ४.८ मधले २ गेले, उरले २.८, गाडी चटईची कड चढणार नाही. लिथियमचे १८६५० सेल मिळतात, ताकदवान असतात, पण शॉर्ट झाले तर आग लागते. या वयात नकोत.

आणि किटच्या आधी ३५० रुपयांचा मल्टिमीटर घ्या. हे मी हात जोडून सांगतो.

ठाणे_स्लो
बाबा, हे सगळं मिळणार कुठे? लॅमिंग्टन रोडलाच ना?

सोल्डरबाबा
तिथेच. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असेल, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणा. मुलुंडहून दादरला बदलायचं, स्लो पकडायची (फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही), पूर्वेला उतरून चालत. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद. दुपारी दुकानात कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी झुंबड करतात, सकाळी ११ ला पोचा. यादी कागदावर न्या आणि मुलीला बोलू द्या. वस्तू घेतली की तिथेच तपासून मागा. नट-बोल्ट मात्र तिथे घेऊ नका, त्याला नागदेवी स्ट्रीट. वायर लोहार चाळीत.

स्पष्टवक्ती
ऑनलाइन तेच स्वस्त मिळतं, एवढी पायपीट कशाला?

सोल्डरबाबा
मिळतं. पण पाकिटात आलेला सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी छोटी मोटर) आणि काउंटरवरच्या काकांनी 'हा प्लॅस्टिक गिअरचा, हा मेटल गिअरचा, तुला उचलायचं काय आहे?' असं विचारून दिलेला सर्व्हो, यात फरक असतो.

गिरगावची_मावशी
सुरक्षिततेचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. तयार किट घेणार असाल तर खोक्यावर ते शोधा. सुटे बोर्ड-मोटरी खेळणं म्हणून विकत नाहीत, त्यावर चिन्ह नसतं, तिथे मोठ्यांनी शेजारी बसायचं. भिंतीतल्या सॉकेटशी पोरांनी काहीही जोडायचं नाही, फक्त सेल किंवा चांगला मोबाइल चार्जर. डाख लावायच्या तारेत शिसं असतं, नंतर हात धुवायचे, त्या टेबलावर खायचं नाही. सुरुवातीला ब्रेडबोर्ड (तारा नुसत्या खोचायची भोकांची पट्टी) वापरलात तर डाखायची गरजच नाही.

अवांतर: आमच्याकडे समुद्राची हवा. पावसाळ्यात सेलच्या डब्याच्या स्प्रिंगांवर हिरवं चढतं आणि मग 'यंत्र मेलं' म्हणून बोंब. व्हिनेगरचा बोळा फिरवा, कोरडं करा, यंत्र जिवंत होतं.

मुलुंडची_आई
ठरलं तर मग. शनिवारी निघतोय मायलेकी. क्लासबद्दलही विचारायचं होतं. जवळच एक आहे, महिना ३ हजार सांगतात.

अर्धवटराव
क्लासचाही अनुभव आहे :) पोरगा दर आठवड्याला नवीन रोबोट बनवून यायचा. जाताना रोबोट मोडून किट परत. वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. तारा कुठे जातात विचारलं तर म्हणाला, सर लावून देतात.

फळा_खडू
सगळे क्लास तसे नसतात, पण एक तास बाहेर बसून बघा: हात कोणाचे चालतात, सरांचे की पोरांचे? नाहीतर पैसे राखा. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, वरळीला नेहरू विज्ञान केंद्र, डिसेंबरात पवईला आयआयटीचा टेकफेस्ट. तिथे फिरवा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये अर्डुइनोचे धडे फुकट आहेत, ते आधी तुम्ही बघा, मग तिच्याबरोबर.

मुलुंडची_आई
वृत्तांत लिहायला उशीर झाला, माफी.

शनिवारी गेलो. तिसऱ्या दुकानात काउंटरवरच्या काकांनी माझ्याकडे बघून विचारलं, 'कॉलेज प्रोजेक्ट?' लेक म्हणाली, 'नाही, कबुतर.' ते हसले आणि पुढचा अर्धा तास तिच्याशीच बोलले. यादीतलं सगळं मिळालं: बोर्ड, मोटर ड्रायव्हर, दोन पिवळ्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या) मोटरी, चाकं, ब्रेडबोर्ड, जंपर वायरी, दोन डोळ्यांसारखा दिसणारा अंतर मोजायचा सेन्सर, छोटा सर्व्हो, सेल, चार्जर. एकूण २,३४०. मल्टिमीटर वेगळा. येताना दादरच्या पुलावर तिने पिशवी माझ्याकडे दिली नाही.

आधी गाडी केली. ती गोल गोल फिरायला लागली. तासाभराने कळलं की एका मोटरच्या तारा उलट्या. ते तिनेच शोधलं, मल्टिमीटर लावून, मी खरंच नुसती बसले होते.

मग नवरा कामाला लागला. मोटरीवर १०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला १०० फेऱ्या, लिहिलंय, मग हॉल पार करायला किती वेळ लागेल? लेकीला परिघाचं सूत्र येत नाही, तिने चाकाला दोरा गुंडाळून मोजला: २० सेंटिमीटर आणि थोडं वर. हॉल १२ फूट, म्हणजे १८ फेऱ्या, म्हणजे ११ सेकंद. प्रत्यक्षात १४ लागले. तर 'तीन सेकंद गेले कुठे' यावर बापलेकीची रात्री साडेदहापर्यंत चर्चा. सेल उतरले, गाडीचं वजन, चाक घसरतंय. शेवटी गाडी हातात उलटी धरून चाकं हवेत फिरवली आणि फेऱ्या मोजल्या. वजन नसताना आकडा जवळजवळ बरोबर आला. बँकेतला माणूस एवढा खूश मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला.

४५० फुटांत सामान ठेवायचं कुठे हा खरा गहन प्रश्न होता. रोज जेवायच्या वेळी सगळं मोडून आवरायला लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, म्हणून तिने दोनदा सोडूनच दिलं होतं. आता पापड वाळवायचं मोठं ताट तिला दिलंय. अर्धवट काम ताटासकट पलंगाखाली.

स्पष्टवक्ती
ताटाची आयडिया फार आवडली. आणि कबुतर?

मुलुंडची_आई
सांगते. सेन्सर ग्रिलला बांधला. त्याचं गणित मास्तरांना आवडेल: आवाज सोडायचा, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तो जातोही आणि येतोही, म्हणून निम्मं करायचं. हे निम्मं करणं ती विसरली होती, त्यामुळे यंत्राला ३० सेंटिमीटरवरचं कबुतर ६० वर दिसत होतं.

पहिल्या दिवशी पॉवर बँकेवर चालवलं. अर्ध्या मिनिटात बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद.

सोल्डरबाबा
पॉवर बँक हुशार असते. बोर्ड इतका कमी करंट घेतो की तिला वाटतं फोन चार्ज होऊन झाला. जुना ५ व्होल्टचा चार्जर लावा, आणि पावसाचं पाणी तिथे पोचत नाही ना ते आधी बघा.

मुलुंडची_आई
लावला, आतल्या सॉकेटला, मीच. बोर्ड जुन्या टिफिनच्या डब्यात. सर्व्होला आइस्क्रीमची काडी आणि तिला चॉकलेटचा चकचकीत कागद. कबुतर आलं की काडी फडफडते. तीन दिवस सासूबाईंची काठी कोपऱ्यात होती. चौथ्या दिवशी एक कबुतर काडीकडे शांतपणे बघत बसलं. पाचव्या दिवशी दोन.

लेकीचं म्हणणं, प्रत्येक वेळी सारखंच फडफडतं म्हणून त्यांना कळलं. आता ती कधी एकदा, कधी चारदा, कधी थोडं थांबून अशी आकड्यांची सोडत टाकतेय. काल त्यात नवीन भानगड झाली: सर्व्हो उगाचच थरथरतो, आणि कधीकधी बोर्ड पहिल्यापासून सुरू होतो. काका, हा ९ व्होल्टवाल्या गचक्यांचाच भाऊ का?

सोल्डरबाबा
सख्खा भाऊ. सर्व्होची लाल तार बोर्डाच्या ५ व्होल्टवरून काढा, चार्जरवरून वेगळी घ्या, काळी मात्र बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेलीच ठेवा. ती सोडलीत तर सर्व्होला काय करायचं तेच कळणार नाही. शिवाय सर्व्होच्या लाल-काळ्या तारांमध्ये ४७० मायक्रोफॅरॅड, १६ व्होल्टचा कपॅसिटर टाका, तो थोडी वीज साठवून गचक्याच्या वेळी देतो. पाच-सात रुपयांना मिळतो. अंगावर पट्टी असते, त्या बाजूचा पाय काळ्या तारेला. उलटा लावू देऊ नका, फुगून फुटतो.

मुलुंडची_आई
'पट्टीचा पाय काळ्याला.' ताटाच्या कडेला स्केचपेनने लिहून ठेवलंय तिने. शनिवारी परत ग्रँट रोड. मोठी पिशवी काढून ठेवली आहे, कपॅसिटर एकच घ्यायचाय म्हणते.